रानातली अळंबी आणि शेडमधली अळंबी



या व्याख्यानमालेत आजवर पाण्यावर बोलणं झालं, बियाण्यांवर झालं, सहकारावर तर एकापेक्षा जास्त वेळा झालं. मी बुरशीवर बोलतो म्हटल्यावर संयोजकांनी जरा दबकतच विचारलं, लोक येतील का? ऐन श्रावणात, एवढ्या पावसात तुम्ही आलात. ज्या सरांच्या आठवणीत ही व्याख्यानमाला चालते, ते वनस्पतिशास्त्राचे शिक्षक. पावसाळ्यात त्यांचा वर्ग भिंतींच्या आत फारसा भरत नसे, त्यामुळे हा विषय त्यांना परका वाटला नसता.

दरवर्षी पाऊस लागला की माझ्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी, अळंबीच्या निरनिराळ्या नावांनी येतो. सावंतवाडीचा माणूस अळंबीबद्दल विचारतो, गोंदियाचा सात्या आणि टेकोड्यांबद्दल, फोंड्याचा रोयणीवरच्या, म्हणजे वारुळावरच्या, अळमीबद्दल. रानात हिला कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, तरी रग्गड येते. मग घरामागच्या शेडमध्ये का येत नाही? बटण येतं, धिंगरी येते, हीच का अडून बसते? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक संशयही असतो, की शास्त्रज्ञांनी मनावर घेतलेलं नाही.

मनावर घेतलेलं आहे. पण अळंबी शेडमध्ये येणार की नाही, हे आधी ती कशावर जगते यावर ठरतं. काही बुरश्या मेलेल्या गोष्टींवर जगतात: पेंढा, पालापाचोळा, कुजलेला ओंडका. काही जिवंत झाडाच्या मुळांशी देवघेव करून जगतात. आणि आपल्या उष्ण प्रदेशातली सर्वांत चविष्ट म्हणून नावाजलेली जात वाळवीच्या घरात जगते. पहिल्या प्रकाराला आपण जेवण देऊ शकतो. उरलेल्या दोघांच्या जेवणाची किल्ली तिसऱ्याच्या हातात असते. मला आज जे म्हणायचं आहे ते सगळं या फरकातून निघतं.

पहिल्या प्रकारापासून सुरुवात करू, कारण तिथे माणसाला यश आलं आहे. भाताच्या पेंढ्यावरची अळंबी, शास्त्रीय नाव व्होल्व्हारिएला व्होल्व्हासिया. चीनच्या दक्षिणेला, ग्वांगडोंगमधल्या नानहुआ मठातले भिक्षू एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती पेंढ्यावर घेत होते, असं तिथला इतिहास सांगतो. स्थलांतरित चिनी शेतकऱ्यांबरोबर ती आग्नेय आशियात पसरली. आपल्याकडे 1943 मध्ये कोइमतूरला के. एम. थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या लागवडीची माहिती प्रसिद्ध केली. आज ओडिशात हे घराघरातलं पीक आहे. पेंढ्याच्या पेंढ्या भिजवायच्या, आडव्या-उभ्या थरांत रचायच्या, मधे बियाणं आणि डाळीचं पीठ भुरभुरायचं, वर प्लास्टिक. आत ऊब धरते, पस्तीस अंशांच्या आसपास, आणि दोन आठवड्यांच्या आत अंड्याच्या आकाराच्या करड्या कळ्या वर येतात. त्या उमलण्याआधी काढाव्या लागतात.

हिचा एक विक्षिप्तपणा सांगतो, कारण उष्ण प्रदेशातली जात म्हणजे काय ते त्यातून कळतं. आपल्याला वाटतं, नाशवंत माल फ्रीजमध्ये ठेवावा. ही फ्रीजमध्ये ठेवली की पाणी सोडून लगदा होते. तिचं बियाणंही चार अंशांवर मरतं. नवीन शेतकरी बियाण्याच्या पिशव्या मोठ्या काळजीने फ्रीजमध्ये ठेवतो आणि मग पेंढ्यावर काहीच उगवलं नाही म्हणून बियाणं देणाऱ्याशी भांडतो. दोघांचंही चुकलेलं नसतं. थंडी कधी पाहिलीच नाही अशी ही जात आहे.

आता रानातल्या अळंबीपासून बियाण्यापर्यंतचा रस्ता. तो जवळून पाहिला तर यात जादू किती कमी आणि हातसफाई किती जास्त, ते लक्षात येतं. ताजी, न भिजलेली, न किडलेली अळंबी घ्यायची. वरून चाकू लावायचा नाही, कारण बाहेरच्या सालीवर दुसऱ्या शंभर बुरश्या बसलेल्या असतात, पातं त्यांना आत घेऊन जातं. देठाला नखाने खाच पाडून अळंबी उभी फाडायची. टोपी आणि देठ जिथे मिळतात तिथला पांढराशुभ्र गर अजून कुणाच्या हाताला लागलेला नसतो. स्पिरिटच्या दिव्यावर तापवून निवलेल्या चिमट्याने त्यातला तांदळाच्या दाण्याएवढा कण उचलायचा आणि नळीतल्या, बटाट्याचा अर्क घातलेल्या आगरवर ठेवायचा. दोन-तीन दिवसांत त्या कणाभोवती पांढरी लव दिसते. हिरवी दिसली तर ट्रायकोडर्मा ही दुसरीच बुरशी आली, नळी फेकायची. पांढरी लव पुढे सरकली की तिच्या कडेचा तुकडा नव्या नळीत. असं करत शुद्ध वाढ मिळाली की ती उकडलेल्या, निर्जंतुक केलेल्या ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यांवर सोडायची. दाणे पांढरे झाले की तेच बियाणं, ज्याला सगळे स्पॉन म्हणतात. दाण्यांवर स्पॉन करायची ही युक्ती जेम्स सिंडेन यांनी 1932 मध्ये अमेरिकेत काढली. अगदी सुरुवातीला तर बुरशी धरलेल्या खताचे तुकडेच विरजणासारखे एका वाफ्यातून दुसऱ्यात घालायचे.

इथवर येणं फार कठीण नाही. कुठल्याही बऱ्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होतं. गाडी अडते ती पुढे. पांढरी बुरशी पिशवीभर पसरते, दिसायला सुरेख, आणि तशीच बसून राहते. टोपी काढत नाही. कारण टोपी म्हणजे फळ, आणि फळ धरायला काहीतरी निमित्त लागतं: तापमानातला उतार, ताजी हवा, उजेड, ओलावा, कधी मातीचा थर. प्रत्येक जातीचं निमित्त वेगळं. धिंगरीला हवा खेळती मिळाली नाही की देठ लांबच लांब होतात आणि टोप्या बारीक राहतात. शेडमध्ये पाऊल टाकल्याबरोबर त्या देठांवरूनच कळतं की खिडक्या उघडलेल्या नाहीत.

या टप्प्याला किती काळ जातो ते दुधी अळिंबीवरून सांगतो. आपल्या देशातल्या रानातून आणून, आपल्याच देशात लागवडीखाली आलेली ही जात. कलकत्त्याच्या आर. पी. पुरकायस्थ आणि ऐंद्रिला चंद्रा यांनी 1974 मध्ये तिची नवी जात म्हणून नोंद केली, कॅलोसायबी इंडिका या नावाने. बंगालात ती लोकांच्या खाण्यात होतीच. पुरकायस्थांनी तिच्या लागवडीचे प्रयत्नही केले. पण ती शेतकऱ्याच्या शेडपर्यंत आली ती 1990 च्या दशकात, तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या ए. एस. कृष्णमूर्ती यांच्या कामातून. 1998 मध्ये ‘एपीके-2’ हा वाण आला. मध्ये जवळजवळ पाव शतक गेलं. पेंढा भिजवून, गरम पाण्याने किंवा वाफेने साफ करून पिशव्या भरायच्या, बुरशी पसरली की पिशवी मधोमध कापायची आणि वर दोन बोटं जाडीचा साफ केलेल्या मातीचा थर द्यायचा. तो थर दिला नाही तर काही हाती लागत नाही. दिला, तर दहा-बारा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके आणि मग जाडजूड, पांढऱ्या, मांसल अळंब्या. तीस ते पस्तीस अंशांत. वाळलेल्या पेंढ्याच्या वजनाइतकी ताजी अळंबी सहज निघते. पेंढ्यावरच्या अळंबीत हेच प्रमाण दहा किलो पेंढ्याला किलो-दीड किलो पडतं. शिवाय दुधी काढल्यावर दोन-चार दिवस टिकते.

आता माझी एक तक्रार ऐका. महाराष्ट्रात अळिंबीचं नाव काढलं की बटण डोळ्यांपुढे येतं. बटण ही सतराव्या शतकात पॅरिसजवळच्या वाफ्यांतून आणि मग दगडखाणींच्या गारव्यातून वाढलेली जात. तिला टोपी धरायला चौदा ते अठरा अंश लागतात. सोलनच्या डोंगरात ते आपोआप मिळतात, म्हणून 1983 मध्ये राष्ट्रीय अळिंबी संशोधन केंद्र तिथे निघालं, हे योग्यच झालं. पण एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश असताना आत सोळा अंश ठेवण्यासाठी आपण विजेचं बिल भरत बसतो. मोठ्या कारखान्याला ते परवडतं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण बचत गटातल्या बाईला जेव्हा प्रशिक्षणात पहिल्यांदा बटणच दाखवलं जातं, तेव्हा मला राग येतो. भंडारा-गोंदियात पेंढ्याला तोटा नाही, आणि उन्हाळ्यातल्या ज्या उकाड्याची आपण तक्रार करतो तोच उकाडा दुधीला हवा असतो. गोणपाट लावलेली, पाणी मारलेली झोपडी पुरते. गिऱ्हाईक बटण मागतं हे खरं. गिऱ्हाईक एके काळी बटणही मागत नव्हतं.

ओळख पटवण्याबद्दल थोडं बोलतो, कारण या विषयातले सगळे अपघात तिथे होतात, पोटातलेही आणि कागदावरचेही. कागदावरचा आधी. 1970 च्या दशकात सी. एल. जंडैक यांना हिमालयाच्या पायथ्याशी निवडुंगासारख्या थोरावर वाढलेली धिंगरी सापडली. ती पेंढ्यावर इतकी झपाट्याने वाढली की देशभर पसरली, जगभर गेली. तिला नाव मिळालं प्लुरोटस साजोर-काजू. पुढे कळलं की खरी साजोर-काजू वेगळीच, तिच्या देठावर कडं असतं आणि ती लेंटिनस गटातली. आपण वाढवत होतो ती प्लुरोटस पल्मोनेरियस. कित्येक पुस्तिकांत जुनंच नाव अजून छापलं जातं. पीक चांगलं आलं, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही. पण समजा, ओळख अशी चुकून विषारी जात हाती आली असती तर?

पोटातला अपघात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत घडत आला आहे. आशियातून गेलेले लोक तिथल्या ओकच्या झाडाखाली अंड्यासारखी पांढरट कळी पाहतात, त्यांना घरची पेंढ्यावरची अळंबी आठवते, आणि ती असते अमॅनिटा फॅलॉइड्स, यकृत निकामी करणारी. दोघींच्या बुडाशी पिशवी असते. फरक दाखवणारी साधी गोष्ट म्हणजे बीजाणूंचा ठसा. उमललेली टोपी कागदावर पालथी घालून रात्रभर झाकून ठेवा. पेंढ्यावरच्या अळंबीचा ठसा गुलाबी पडतो, अमॅनिटाचा पांढरा. आपल्याकडे लॉनवर येणाऱ्या क्लोरोफायलम मोलिब्डायटिसचा हिरवट. तिने जीव सहसा जात नाही, पण ओकाऱ्या-जुलाबांनी माणूस अर्धा होतो. एवढ्या ठशावर खायचं की नाही ते ठरवू नका, ती फक्त पहिली गाळणी आहे. आणि अळंबी शिजवताना चांदीचं नाणं किंवा लसूण टाकून ते काळं पडतं का बघायचं, ही परीक्षा मात्र आजच सोडा. ती कुठल्याच विषाची नाही.

आता वारुळाकडे. हा माझ्या व्याख्यानाचा मोठा भाग आहे आणि तो तसा असणं मला रास्त वाटतं.

1779 मध्ये योहान गेरहार्ड क्योनिग नावाच्या वैद्य-निसर्गशास्त्रज्ञाने वाळवीवर एक लेख लिहिला. त्याने दक्षिण भारतात, त्रांकेबार आणि तंजावरच्या मुलखात काम केलं होतं. वाळवीच्या घरात बुरशी वाढते ही गोष्ट शास्त्राच्या पानावर पहिल्यांदा आली ती तिथल्या वारुळांमुळे. बुरशीच्या या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे नाव मिळायला मात्र 1942 उजाडलं, ते फ्रान्सच्या रोजे आइम यांनी दिलं.

वारूळ खणून आत पाहिलं तर कप्प्यांमध्ये वळ्यावळ्यांचे, सच्छिद्र, तपकिरी गोळे मिळतात. हाताला हलके, किंचित ओलसर. भिंग लावा, त्यावर पांढरे, गोल, खसखशीहून थोडे मोठे मणी दिसतील. गोळा वाळवीच्या विष्ठेचा आहे. तरुण कामकरी वाळवी लाकूड-पाला खाते, त्याबरोबर ते पांढरे मणी खाते. मण्यांतले बुरशीचे बीजाणू पचत नाहीत, चावलेल्या लाकडाबरोबर बाहेर पडतात आणि गोळ्याच्या वरच्या थरात पेरले जातात. बुरशी ते लाकूड कुजवते, मऊ करते. खालचा, जुना, पचायला सोपा झालेला थर म्हातारी वाळवी खाते. वर पेरणी, खाली कापणी. ही शेती सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असावी असा अंदाज आहे. आपली शेती 10-12 हजार वर्षांची.

आणि हा गोळा वाळवीशिवाय टिकत नाही. कप्प्यातून काढून बरणीत ठेवला की थोड्याच दिवसांत त्यावर झायलेरिया नावाच्या दुसऱ्याच बुरशीचे काळपट कोंब येतात. ती आधीपासून तिथे दबून बसलेली असते. वाळवी तिला डोकं वर काढू देत नाही, सतत चाटून-साफ करून, आणि बहुधा स्वतःच्या अंगावरच्या जिवाणूंच्या मदतीनेही. वाळवी गेली की निंदणी थांबते. शेडमध्ये पिशवी भरणाऱ्याकडून आपण काय मागतो आहोत ते पाहा. हजारो कामगारांनी चोवीस तास केलेली निंदणी.

टर्मिटोमायसिसची बुरशी प्रयोगशाळेत आगरवर वाढते. हळू वाढते, पण वाढते. द्रवातही वाढते. अडकतं ते टोपीपाशी. पहिल्या पावसांनंतर वारुळात काही बदलतं, वाळवीचं मणी खाणं आणि बुरशीचं वाढणं यांचा तोल ढळतो, आणि गोळ्यातून लांब मुळासारखा देठ मातीतून वर चढतो. टोपीला वर टोक असतं, त्याने ती माती भेदते. हा तोल पिशवीत कसा ढाळायचा ते कुणाला साधलेलं नाही. चीनच्या युन्नानमध्ये या अळंबीला फार मान आहे, तिथेही व्यापारी लागवड झालेली नाही. तिथल्या बाजारात ‘काळ्या सालीची वारूळ-अळंबी’ म्हणून जी शेतीची अळंबी मिळते ती मुळात दुसरीच जात आहे, हायमेनोपेलिस. तिलाही मुळासारखा देठ असतो, म्हणून नाव चिकटलं. व्यापाऱ्याची हुशारी मानायला हवी.

मग मुद्दा येतो तोडणीचा. नवं वारूळ सुरू करायला राजा-राणीची जोडी पावसाच्या सुरुवातीला उडते. आपल्याकडच्या ओडोंटोटर्मिससारख्या बहुतेक जातींत ही जोडी बुरशी बरोबर नेत नाही. काही काळाने नव्या वसाहतीतले पहिले कामकरी बाहेर पडतात आणि रानात उमललेल्या अळंब्यांचे विखुरलेले बीजाणू अन्नाबरोबर घरी आणतात. म्हणजे रानातली उमललेली अळंबी ही पुढच्या वारुळांची पेरणी आहे. आपण कळी पसंत करतो, कारण ती टिकते आणि चवीला चांगली लागते. एका रोयणीवरच्या सगळ्या कळ्या खुडल्या, तर त्या वर्षीचे बीजाणू बाजारात गेले.

गोव्यात हे कुणी पहिल्यांदा सांगत नाही. गोवा विद्यापीठात काम केलेले नंदकुमार कामत वर्षानुवर्षं याबद्दल लिहीत-बोलत आले आहेत. अभयारण्यांतून अळमी काढायला वन्यजीव कायद्याची बंदीही आहे. पण श्रावणात मासे बंद असतात, अळमीला भाव चढतो, आणि सत्तरी तालुक्यातल्या ज्या बाईला पानात बांधलेल्या अळम्यांचे पैसे मिळतात तिला कायद्याचं कलम वाचून दाखवणं मला शोभत नाही. तिला माझ्यापेक्षा रोयणी जास्त माहीत आहेत. गिऱ्हाइकाला मात्र मी सांगेन, उमललेली घ्या. चार उमललेल्या जागेवर ठेवून बाकी आणल्या का, असं विचारा. आणि घर बांधताना, काजूची बाग लावताना वारुळावर जेसीबी फिरवणाऱ्याला सांगेन, की ही लागवड चालूच होती, तुम्ही ती मोडलीत.

झाडाशी भागीदारी करणाऱ्यांबद्दल थोडक्यात. बस्तरमध्ये पहिल्या पावसात सालाच्या झाडाखाली मातीतून उकरून काढतात तो बोडा, झारखंडातला रुगडा. दोन्ही नावं अ‍ॅस्ट्रिअस या बुरशीची; तिला झाडाच्या मुळांकडून साखर मिळते. इथे पेंढा निरुपयोगी. रोपवाटिकेत रोपांच्या मुळांशी बीजाणू घालून पाहण्याचे प्रयोग होतात, पण त्यातून पीक मिळायचं तर रोपाचं झाड व्हायची वाट पाहावी लागते. साल लावा, थांबा, एवढंच आज सांगता येतं.

पुन्हा पहिल्या प्रकाराकडे येतो, कारण ज्यांची लागवड जमली त्यांचाही रानाशी संबंध तुटलेला नाही. नळीतून नळीत फिरवत नेलेली बुरशी थकते. कडेला कापसासारखे पुंजके येतात, वाढ तुटक होते, पिशव्या भरतात आणि टोप्या कमी धरतात. शेतकरी म्हणतो, बियाणं हलकं आलं. पेंढ्यावरच्या अळंबीत हे फार होतं. द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवण करून हा थकवा लांबवता येतो, पण नवं रक्त रानातूनच आणावं लागतं. जास्त उष्णता सोसणारा, कमी बीजाणू सोडणारा, रोगाला दाद न देणारा वाण हवा असेल तर तो कुठल्यातरी बांधावर, कुठल्यातरी कुजक्या ओंडक्यावर आज उभा असेल. धिंगरीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना बीजाणूंमुळे दमा-खोकला जडतो, त्यामुळे कमी बीजाणूंचा वाण ही चैन म्हणता येत नाही.

परदेशी वाण आणून काम भागेल असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावं. पूर्व आशियातली पिवळी धिंगरी तिथे लागवडीसाठी नेली, ती शेडमधून सुटली, आणि आता कित्येक राज्यांतल्या जंगलांत मेलेल्या झाडांवर पसरली आहे. अळंबीच्या शेतीला कुंपण घालता येत नाही.

म्हणून प्रत्येक कृषी महाविद्यालयाने आपल्या जिल्ह्यातल्या रानअळंब्यांच्या नळ्यांचं एक कपाट ठेवावं, असं माझं मत आहे. इमारत नको, उद्घाटन नको. एक आगरची भांडी धुणारा माणूस आणि एक वहीत नीट लिहिणारा माणूस पुरे.

त्या वहीत तुमचीही नोंद असू शकते. उन्हाळी पावसानंतर रस्त्याकडेला, ओलसर मातीत जाड देठाची, दुधासारखी पांढरी अळंबी दिसली, तर खाऊ नका, पण सोडूही नका. जागेवरच फोटो घ्या, बूड दिसेल असा. कुठल्या झाडाखाली, कुठल्या मातीत, पाऊस होऊन किती दिवस झाले, ते लिहा. दोन तशाच राहू द्या. एक मुळासकट उकरून वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ती घाम धरते आणि संध्याकाळपर्यंत सडते. त्याच दिवशी महाविद्यालयात पोचवा, आणि वाटेत कुणी फ्रीजमध्ये ठेवूया म्हणालं तर ऐकू नका.